दोन मोडलेल्या चकल्या

गणपतीत आलेला शालनकाकूंचा डबा नवरात्र उलटलं तरी फ्रिजवरच होता. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. यातला शेवटचा शब्द गंभीर होता. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत लाल सिग्नलपेक्षा जास्त पाळला जात असे. त्यातून शालनकाकूंनी बेसनाचे लाडू देताना दारातच बजावलं होतं, "घरचे आहेत हं." म्हणजे परत जाणारा मालही घरचाच हवा. डब्यावर 'सौ. शालन' असं ठसठशीत कोरलेलं होतं, आणि पाणी प्यायला फ्रिज उघडला की ते नाव संस्कृतीकडे रोखून बघायचं.

संस्कृती दहावीत होती. सहामाहीच्या आधी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता, आणि तेव्हापासून उभं राहून बोललं की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, असं तिचं मत झालं होतं. सध्याचा प्रश्न राजगडाचा होता. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या मुली बाईंबरोबर मुक्कामी ट्रेकला चालल्या होत्या. आईचं म्हणणं, जी मुलगी दप्तरातला डबा स्वतःहून बाहेर काढत नाही, ती गडावर जाऊन काय करणार? आधी काहीतरी जबाबदारी घेऊन दाखव.

संस्कृती जेवता जेवता उभी राहिली.

"शालनकाकूंचा डबा मी परत करते. भरून. घरी करून."

आईने आधी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "केलास तर जा राजगडला."

इथवर सगळं ठीक होतं. पण बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "मग हे आपण नीट प्रोसेसने करू."

बाबा खराडीच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. हाताखालची माणसं नेमकं काय करतात हे त्यांना सांगता आलं नसतं, पण ती ते कधी संपवणार हे ते रंगीत तक्त्यात दाखवू शकत. रविवारी सकाळी घरात पहिली किराणा नियोजन बैठक झाली. बाहेरचा खाऊ तात्काळ बंद करण्यात आला. संस्कृतीची खाऊप्रमुख म्हणून नेमणूक झाली. यापुढे घरात येणारी प्रत्येक वस्तू 'किराणा (अधिकृत)' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागायची आणि सगळ्यांनी मंजूर केल्यावरच आणायची, असं ठरलं. सहावीतल्या सार्थकलाही मत देण्यात आलं, कारण बाबांचा लोकशाहीवर विश्वास होता. सार्थकने लगेच नकाराधिकार मागितला. बाबांनी तोही दिला. घरातलं कुणीतरी प्रक्रियेत रस घेतंय, याचंच त्यांना भरून आलं होतं.

मग पदार्थाचा विषय निघाला. लाडू नकोत, तुलना होईल. करंज्यांना आईची रजा शिल्लक नव्हती. चिवडा कुणीही करतं. उरली चकली. तीही तळायची नाही, कारण बाबांचं कोलेस्टेरॉल. मीठ बेताचं, कारण आईचं बीपी. सार्थकच्या फुटबॉलच्या सरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलं होतं, तेही त्यातच बसवण्यात आलं. अशा रीतीने नाचणीची, प्रोटीन पावडर घातलेली, एअर फ्रायरमधली चकली एकमताने मंजूर झाली. ती शालनकाकूंना खायची होती आणि त्यांना यांपैकी काहीही झालेलं नव्हतं, याची नोंद बैठकीने घेतली नाही.

लोणी काळभोरहून प्रेमलाआजीचा फोन आला तेव्हा संस्कृतीने तिला हे सगळं उत्साहाने सांगितलं. आजी बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाली, "चकलीला भाजणी लागती गं बाळा. मिटिंग न्हाय लागत." बाबांनी ही सूचना स्वीकारली, तिच्यावर विचार केला आणि ती बंद केली.

संस्कृतीने ग्रुपवर मागणी टाकली: नाचणीचं पीठ, तीळ, ओवा. आईने बँकेतून होकाराचा अंगठा टाकला. बाबांनी विचारलं, तीळ कुठले, आणि निदान तीन ॲपवर बघितलेत का. सार्थकने ओव्यावर नकाराधिकार वापरला, कारण ओव्याला औषधाचा वास येतो. ओव्याची चर्चा लांबली. तिच्या मागे रांगेत टूथपेस्ट होती, त्यामुळे ती अडकली. घरातल्यांनी मिठाने दात घासायला सुरुवात केली. मग मीठ संपलं. मिठाची मागणी टूथपेस्टच्या मागे लागली आणि घर अळणी आमटी जेवू लागलं. आईच्या बीपीसाठी ही चांगलीच गोष्ट आहे, असं बाबांनी आठवड्याच्या आढाव्यात नमूद केलं.

शेवटी संस्कृतीने ओवा मागे घेतला आणि एका दुपारी सगळं एकदम मंजूर झालं. मंजूर म्हणजे आता आपणच मागवायचं, असं आईला वाटलं. बाबांनाही वाटलं. शाळेतून आलेल्या संस्कृतीला तर वाटलंच. दहा मिनिटांत घरपोच देणारे तीन जण एकाच लिफ्टमधून वर आले. घरात नाचणी, तीळ, मीठ आणि टूथपेस्ट इतकं झालं की हॉलमधला दिवाण उचलून खाली साठा करावा लागला. बाबा हादरले. साठा संपेपर्यंत सर्व खरेदी गोठवण्यात येत आहे, असं त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं.

आणि मग लक्षात आलं की घरात सोऱ्या नाही. जुना कुणीतरी नेला होता, तो परत आला नव्हता. नवा आणायला खरेदी गोठलेली. आईने नुसतं, "अहो, एक सोऱ्या," म्हणून बघितलं. बाबांनी समजावलं की सोऱ्या हा किराणा नसून भांडवली वस्तू आहे आणि तिचा निर्णय एप्रिलमध्ये होतो.

संस्कृती हरणारी नव्हती. तिने दुधाची पिशवी धुतली, कोपरा कापला, पीठ भरलं आणि दात-ओठ खात चकल्या पाडल्या. एअर फ्रायरमधून त्या बाहेर आल्या तेव्हा त्या चकल्या आहेत असं मानणारी जगात ती एकटीच होती. बाबांनी एक उचलली, दाताखाली धरली आणि कॉल आहे सांगून आतल्या खोलीत गेले. सार्थकचा कॅरमचा स्ट्रायकर हरवला होता, त्याची सोय झाली. दोन डाव खेळून तो म्हणाला, "ताई, भारी आहे. कोपऱ्यातून पण परत येतो."

शनिवारी लिफ्टमध्ये शालनकाकू भेटल्या.

"डबा सापडला का गं?"

"आहे काकू. आमच्याकडेच आहे."

"असू दे, असू दे. तुमच्याकडे डबे कमी असतील तर ठेवा हो. आम्हाला काय, अजून एक आहे." लिफ्टचं दार उघडलं, पण काकू दारात पाय ठेवून उभ्याच राहिल्या. "उद्या क्लबहाऊसला फराळ मेळावा आहे. घरच्या फराळाची स्पर्धा. त्यात डबा लागणार होता, म्हणून आपलं विचारलं. नाहीतर मी कशाला विचारतेय?"

हे घरी कळलं तेव्हा बैठक झाली नाही. आईने पर्समधून पैसे काढले आणि आळंदी रोडवरच्या फरसाणवाल्याचं नाव घेतलं. संस्कृतीने विचारलं, मग घरचं कसं म्हणायचं? बाबांनी ठराव पुन्हा वाचून बघितला. फराळ घरी केलेला असावा असं त्यात होतं, पण कुणाच्या घरी, याचा उल्लेख नव्हता.

चकल्या आल्या. आईने त्या डब्यात लावल्या, एक पाऊल मागे सरकून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"फार सारख्या दिसतायत. दोन मोड."

"का?"

"घरच्या आहेत ना? मग मोडतातच."

संस्कृतीने दोन मोडल्या. आईने तुकडे वरच दिसतील असे ठेवले. इतक्या सराईतपणे ठेवले की संस्कृती बघत राहिली. पण राजगड डोळ्यांसमोर होता, तिने विचारलं नाही.

शालनकाकूंनी दारातच झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "घरचं ते घरचंच," त्या म्हणाल्या. "बाहेरच्याला हा खुसखुशीतपणा येतच नाही. आणि बघ, दोन मोडल्यात. यातच कळतं." मग त्यांनी डोळे उघडून संस्कृतीकडे नीट पाहिलं. एवढ्याशा वयात एवढा हात बसलेली मुलगी सोसायटीत दुसरी नव्हती. उद्याच्या स्पर्धेला परीक्षक हवाच होता, तोही तरुण पिढीतला. वक्तृत्वात पहिल्या आलेल्या मुलीला नाही म्हणता आलं नाही. तिने हो म्हणून वर चार वाक्यं बोलूनही दाखवली.

रविवारी क्लबहाऊसमध्ये लांब टेबलावर डबे मांडले होते. प्रत्येकावर नाव कोरलेलं, आणि शेजारी डबा ज्या घरचा ती बाई उभी, अंगावर साडी आणि चेहऱ्यावर दमल्याचा भाव. काल दिवसभर तळत होते, असं प्रत्येकीने न विचारता सांगितलं. संस्कृतीने पहिलं झाकण उघडलं. चकली. खरपूस, गोल, काटे एकसारखे. वर दोन मोडलेल्या. तिने दुसरं उघडलं. चकली. तोच रंग, तेवढेच वेढे. दोन मोडलेल्या. तिसऱ्यातही दोन. शालनकाकूंच्या कोरलेल्या डब्यातले तुकडे तर तिने स्वतःच मोडलेले होते, ते तिने लांबूनच ओळखले.

तिने वर पाहिलं. सगळ्या काकू छताच्या पंख्याकडे बघत होत्या. आईसुद्धा.

शेवटचा डबा प्लॅस्टिकचा होता, त्यावर चिकटपट्टी लावून पेनने 'चेतन' लिहिलं होतं. चेतनकाका वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, घरूनच काम करायचे, आणि मेळाव्याची सूचना शब्दशः खरी धरणारे सोसायटीतले बहुधा एकटेच होते. डब्यातला एक प्रकार जिलबीसारखा होता, एक गोगलगायीसारखा, आणि एक सरळच निघून गेला होता. रंग काळपट. मोडलेली एकही नव्हती, कारण त्या मोडणं सोपं नव्हतं. काकांच्या दोन बोटांना मलम लावलेलं होतं.

संस्कृतीने गोगलगाय खाल्ली. एका टोकाला कडक, दुसऱ्याला मऊ, आणि मध्ये कुठेतरी ओव्याचा असा ठसका की डोळ्यांत पाणी आलं. तिचा हात आपोआप जिलबीकडे गेला.

"हे काही घरचं वाटत नाही बाई," मागून एक काकू म्हणाल्या.

"मोडलेली एक तरी दिसतेय का?" दुसरीने विचारलं.

"ऑनलाइन मागवलं असेल," तिसरी म्हणाली. "काय काय मिळतं हल्ली."

चेतनकाका म्हणत होते की काल संध्याकाळभर आपण हेच करत होतो, हवं तर कढई आणून दाखवतो, अजून घासलेली नाही. शालनकाकूंनी त्यांना हाताने थांबवलं. नियम सगळ्यांना सारखे. काय ते परीक्षक ठरवतील.

सगळे परीक्षकांकडे वळले. बाबांनी मागून अंगठा वर केला. आई नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यात राजगडाच्या तिन्ही माच्या संस्कृतीला स्पष्ट दिसल्या. ती उभीच होती, तरी आणखी ताठ उभी राहिली.

"रंग, आकार आणि मोडण्याचं प्रमाण, हे घरच्या चवीचे सर्वमान्य निकष आहेत," ती म्हणाली. "ते लक्षात घेता शेवटचा डबा बाद करावा लागतोय. बाकी सर्व डब्यांना पहिलं पारितोषिक विभागून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका एकमुखी निकाल सोसायटीत पाण्याच्या टँकरवरसुद्धा लागला नव्हता. निघताना चेतनकाकांनी आपला डबा तिच्या हातात दिला. "तू दुसरी घेतलीस ना, म्हणून. मला एकट्याला काय करायच्यात एवढ्या?"

त्या चकल्या राजगडावर गेल्या. संस्कृतीने बालेकिल्ल्याकडे पाठ करून एकटीने खाल्ल्या, मैत्रिणींना दाखवल्यासुद्धा नाहीत. परत आल्यावर डबा घासून, पुसून फ्रिजवर ठेवला. 'चेतन' त्या डब्यावरून तिच्याकडे बघू लागला. पण आता ती अनुभवी खाऊप्रमुख होती. तिने बैठक होऊ दिली नाही, डबा उचलून सरळ आळंदी रोडला गेली आणि चकल्या मागितल्या.

"साध्या देऊ की घरच्या?" दुकानदाराने विचारलं.

"घरच्या म्हणजे?"

"याच हो. दोन आधीच मोडून येतात. सोसायट्यांमधून फार मागणी आहे."

संस्कृतीने घरच्या घेतल्या. चेतनकाकांनी झाकण उघडलं, वरचे तुकडे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. "याला म्हणतात घरची चकली," ते म्हणाले. "मला कधी जमणार गं अशा?"

तिने काय उत्तर दिलं ते विचारू नका. तुमच्या फ्रिजवर सध्या कुणाचा डबा आहे, हे तरी तिने तुम्हाला कुठे विचारलंय?