गुलाब मास्तरांचा रूट

गुलाब मास्तरांना उभं करून "गा" म्हटलं, की त्यांच्या तोंडातून सूर सोडा, धड खोकलाही निघत नसे. तेच चालायला लागले, की दुसऱ्या पावलाला आलाप सुरू. नागपुरात आमच्या पाचपावलीच्या गणपतीत लोकांनी एकदा आग्रह करून त्यांना स्टेजवर चढवलं. मास्तर गात गात डाव्या पायऱ्यांनी उतरले, मांडवाला वळसा घालून उजव्या पायऱ्यांनी परत वर आले आणि नमस्कार करून म्हणाले, "गाणं चालते, भाऊ. बसलं का मेलं."

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. माणसाची ओळख मला त्याच्या चालीवरून पटते. गुलाब मास्तरांची छाती पुढे, मान ताठ, आणि वेग असा की मुंगीनं मागे टाकावं. हा वरातीचा वेग. भाजी आणायलाही ते याच वेगानं जात आणि घरी पोचेपर्यंत पालक सुकलेला असे.

त्यांच्या बँडचं नाव 'न्यू गुलाब ब्रास बँड'. जुना गुलाब बँड कधी कुणी पाहिला नव्हता. मागे वाजवणारे अकरा जण, हातगाडीवर बॅटरी आणि कर्णा, आणि सगळ्यांच्या पुढे लाल कोटात, माईक हातात धरून मास्तर. गाणी स्वतःच रचायचे. सगळ्यांत गाजलेलं हे:

डोईवर फेटा, खांद्यावर शेला,
नवरदेव निघाला रामटेकच्या मेळ्याला!

लग्न सोडून नवरदेव मेळ्याला कशाला निघाला, असं मी एकदा विचारलं. "लग्न काय मेळ्याहून कमी हाये काय? मानूस हौसेनं जाते अन् पह्यल्याच दिवशी हरवते," मास्तर म्हणाले.

त्यांचा दुसरा हट्ट रूटचा. वरात कुठूनही निघो नि कुठेही जावो, ती आमच्या गल्लीतून गेलीच पाहिजे. लकडगंजच्या एका लाकूडवाल्या शेठजींच्या मुलाचं लग्न होतं. घरापासून मांडव दोन गल्ल्यांवर. मास्तरांनी वरात पाचपावली दाखवून परत नेली. मुहूर्त टळत आला, घोडा पेंगायला लागला, शेठजी घामाघूम.

"मास्तर, इकडं काहून वळून राहिले?"

"रूट म्हंजे रूट, शेठजी."

स्वतःच्या दारापाशी आले की मास्तरांचा आवाज आणखी चढायचा. शेजाऱ्यांपुढे मिरवायची हौस, दुसरं काय, असं मी माझ्या बायकोला ठासून सांगत असे. मी बऱ्याच गोष्टी ठासून सांगतो.

मास्तरांच्या बायकोचं नाव सरूबाई. त्यांच्या घरी हातमाग होता आणि आमची भिंत एकच, त्यामुळे मागाची खटखट दिवसभर आमच्याकडेही चाले. लांबून वरातीचा आवाज आला की माग थांबायचा. गाणं जवळ यायचं, दारावरून जायचं आणि गल्लीच्या टोकाला पिंपळापाशी विरायचं. मग भिंतीपलीकडून सरूबाईंचा एकच शब्द ऐकू यायचा, "गेले." आणि माग पुन्हा सुरू. आमच्याकडे तेव्हा बाया वरातीत जात नसत. पण सरूबाई दारातही येत नसत. माझ्या बायकोनं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दिसले का मंग नीट आयकू येत नाही, वं."

मास्तरांना पन्नाशी लागली तसा त्यांना आपल्या आवाजाची रेकॉर्ड निघाली पाहिजे असा ध्यास लागला. पुढचे दोन दात हलत होते. "हे हायेत तोवर काम झालं पाह्यजे, सर. मंग तं नुसती हवा निघन." रेडिओवर आवाजाची परीक्षा द्यायला गेले, ते पहिल्या कडव्यातच गात गात दाराबाहेर पडले. नापास झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "त्यायचा माईक लंगडा हाये."

मग एका वर्षी मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी इकडच्या गायकांचे आवाज घ्यायला नागपुरात आली. सीताबर्डीवरच्या एका हॉलमध्ये मशीन मांडलं होतं. मास्तर लाल कोट घालून निघाले आणि सोबतीला मला नेलं. पहिल्या खेपेला आवाज माईकपासून सुरू होऊन समोरच्या भिंतीपर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला ते उभे राहिले, तर आवाजच नाही. तिसऱ्या खेपेला दोघांनी खांदे धरून ठेवले, तेव्हा असं रडकं गाणं निघालं की नवरदेवाचं काही बरंवाईट झालं असावं.

मशीनवाले साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अहो, शेवटची एक संधी. भजनवाले ताटकळलेत, आणि आम्ही उद्या निघणार."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ती कायम पुढे असणारी छाती मी पहिल्यांदाच आत गेलेली पाहिली. मला राहवेना. आपण कुठे आहोत हे विसरून मी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला, "गुलाब मास्तर, साव-धान! बूट काढा! जागच्या जागी, कदम-ताल!"

पायांखाली सतरंजीची चौपदरी घडी टाकली. पाय हलायला लागले आणि गळा मोकळा झाला. तीन मिनिटं नवरदेव जागच्या जागी चालत रामटेकला पोचला. साहेबांनी मशीनमागून अंगठा दाखवला, तेव्हा मास्तर माझ्या गळ्यात पडले.

रेकॉर्ड आली त्या दिवशी सगळी गल्ली त्यांच्या घरी लोटली. चावीचा ग्रामोफोन माझा, सासऱ्यांनी दिलेला. गाणं खणखणीत वाजलं. पेढे वाटले गेले. "आता आपून रेकॉर्डिंग लाइनचे मानूस," मास्तर प्रत्येकाला सांगत होते.

सरूबाईंनी मागाशी बसून सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज ह्यायचाच हाये. पण हे येऊन बी नाही राहिले, अन् जाऊन बी नाही राहिले. एकाच जागी अडकल्यावानी."

सगळे खो खो हसले. मास्तर मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर गल्लीच्या तोंडाशी बँडची हातगाडी उभी. तिच्यावर दोन गोधड्या, आणि गोधड्यांवर माझा ग्रामोफोन.

"सर, तुम्ही ढकला. वरातीच्या चालीनं. पिंपळापर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी घरात बसतो."

बसतो! 'बसलं का मेलं' म्हणणारा माणूस! मास्तर कोटाचं बटण चाळवत म्हणाले, "इतके वर्सं आपल्या दारावरून दुसऱ्याच्या लग्नाले गेलो, सर. घरवाली एकटी आयकते घरात. आतून कसं लागते, मले मालूमच नाही. एकडाव तिच्यासंग बसून आयकतो."

आणि मी मिरवायची हौस म्हणत होतो! मला माझीच लाज वाटली. मी चावी भरली, सुई टेकवली आणि गाडी ढकलायला लागलो. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून लोक बघत होते. पी.टी. मास्तर गाण्याची वरात काढून राहिला, म्हणून कुणीतरी ओरडलंही. मी मान ताठ ठेवली. नेमकं त्यांच्या दारासमोर चाक दगडावर चढलं आणि सुई अडकली. नवरदेव निघाला, निघाला, निघाला... आतून कुणी तक्रार केली नाही. मीच हळूच धक्का देऊन गाडी पुढे काढली.

पिंपळापाशी पोचलो तेव्हा शेवटचं कडवं बाकी होतं. गाडी तिथेच गाती ठेवून मी झपाझप मागे आलो आणि दाराबाहेर थांबलो. आत मागाशेजारी चटईवर दोघं बसले होते. मास्तर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी निश्चल.

पिंपळाकडचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. सवयीनं सरूबाई म्हणाल्या, "गेले."

"कोठी गेलो, वं?" मास्तर म्हणाले. "हा काय, इथंच तं बसून राहिलो."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचा माग पुन्हा सुरू झाला नाही.