मास्तरांची कात्री

शेवंडीची, म्हणजे लॉबस्टरची, शेपटी ओट्यावर आडवी ठेवून टेलरमास्तरांनी आधी तिचं माप घेतलं. मग पाठीवर खडूने सरळ रेघ मारली. इथवर सगळं त्यांच्या आवाक्यातलं होतं. पुढचं नव्हतं.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. बायकोने कधीतरी टीव्हीवर लोण्यात न्हालेली शेवंड पाहून म्हटलं होतं, "असलं काहीतरी एकदा खायला मिळालं पाहिजे बाई!" मास्तरांनी ते मनात ठेवलं होतं. पण दरवर्षी नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी अर्जंट काम यायचं, मास्तर मशीनवर बसायचे आणि बायको वर एकटीच जेवून घ्यायची. गेल्या वर्षी तर ती एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मास्तरांना लागलं. म्हणून यंदा त्यांनी खाली दुकानाला 'आज बंद' अशी पाटी लावली आणि बायकोला तिच्या बहिणीकडे पिटाळलं. "संध्याकाळी जेवायलाच ये. स्वयंपाक मी करतो."

निघताना तिने दोनदा विचारलं, "गॅस कुठून बंद करतात, माहीत आहे ना?"

मासेवाल्या बाईने कृती तोंडपाठ करून घेतली होती. "पाठीवरून कवच कापायचं, मांस वर उचलायचं, लसूण-लोणी चोपडायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. जास्त वेळ ठेवलंत तर रबर होईल. आणि कापायचं कात्रीने हं. तुम्हाला काय सांगायचं, मास्तर!"

मास्तरांनी आधी सुरी चालवून पाहिली. शेपटी निसटली आणि थेट फ्रिजखाली जाऊन बसली. ती झाडूने बाहेर काढून, धुऊन त्यांनी दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली. पहिल्याच दाबाला तिची मूठ हातात आली. आता घरात एकच कात्री उरली होती, आणि ती खाली दुकानात खिळ्याला टांगलेली होती.

ती मास्तरांच्या वडिलांची कात्री. तिने कापडाशिवाय काही कापायचं नाही, हा घरातला कायदा होता. लग्न नवं असताना एकदा बायकोने त्या कात्रीने नुसतं पार्सलचं पुडकं उघडलं, तर मास्तरांनी दोन दिवस अबोला धरला होता. एवढं जपूनही कात्री सारखी बोथट व्हायची. सगळा राग निघायचा धारवाल्यावर. "धार लावतोस की खातोस रे?" मास्तर त्याला ओरडायचे. तो बिचारा गालातल्या गालात हसायचा, मागच्या दाराशी मास्तरांच्या बायकोच्या हातचा चहा प्यायचा आणि निमूट निघून जायचा.

मास्तर खाली गेले. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे न बघताच त्यांनी कात्री उतरवली.

"बाबा, आजच्या दिवस," ते पुटपुटले.

कर्रकर्र आवाज झाला आणि कवच खडूच्या रेघेवरून असं सुरेख उलगडलं, की मास्तरांना काठाला तुरपाई घालायचा मोह झाला. दुसरी शेपटीही तशीच निघाली. लसूण-लोणी चोपडून त्यांनी शेपट्या ओव्हनमध्ये सरकवल्या, कात्री पुसली आणि कुणी बघायच्या आत ती जागेवर ठेवायला खाली उतरले. तेवढ्यात दार धडधडलं.

बाहेर पलीकडच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर भिंतीला पाठ लावून उभे होते.

"डॉक्टर, आज बंद आहे. पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली हो! पण परत फिरू कसा? पँट मागे उसवलीय!"

"बदलून जा ना दुसरी."

"घरापर्यंत जाऊ कसा? रस्ताभर पेशंट आहेत माझे! आणि अर्ध्या तासात सत्कार आहे."

"कुणाचा?"

"माझाच!"

मास्तरांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. माणसाला अशा अवस्थेत हाकलणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. डॉक्टर पडद्याआड गेले आणि पडद्यावरून पँट बाहेर आली. शिवण नुसती उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. आतून ठिगळ लावणं आलं. मास्तरांनी तीच कात्री उचलून तुकडा कापला आणि मशीन दामटली.

"मास्तर, काहीतरी मस्त वास येतोय," पडद्याआडून आवाज आला.

"अं, हो."

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "मास्तर, आता तितका मस्त नाही येत."

"डॉक्टर, मी जरा वर जाऊन येतो..."

"मला असं सोडून? तुमची पाटी पाहूनही लोक आत येतात! मी आलोच की!"

मास्तरांनी निमूट शिलाई पुरी केली. डॉक्टर पँट चढवून सत्काराला धावले. मास्तरांच्या बोटांचं लसूण-लोणी पँटला पुरतं लागलं होतं. दारातलं मांजर उठून डॉक्टरांच्या मागे चालू लागलं आणि कोपऱ्यावर त्याला दुसरं येऊन मिळालं.

मास्तर कात्रीसकट जिना चढले आणि ती सिंकमध्ये टाकून ओव्हनकडे धावले. शेपट्या जळल्या नव्हत्या, पण आक्रसून अर्ध्या झाल्या होत्या. चमच्याने टोचलं, तर चमचाच मागे आला. तेवढ्यात बायको दारात उभी राहिली. टेबलावर अस्तराचं पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं, दोन ताटं मांडलेली आणि नवरा चक्क वर! तिला भरून आलं.

"तुम्ही केलंत हे सगळं? माझ्यासाठी?"

"खाऊन बघ."

तिने घास घेतला. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसं झालंय?"

"थांबा, अजून चावतेय."

मास्तरांचा धीर सुटला. "डॉक्टर आले होते गं. नागडा माणूस पडद्याआड ठेवून वर कसा येणार? आणि अजून एक सांगायचंय. कवच मी... बाबांच्या कात्रीने कापलं."

बायको चावायची थांबली. पार्सलच्या पुडक्याचं पंचवीस वर्षांचं उट्टं आता निघणार, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली. पण ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, या घरात आल्यापासून मी मासे त्याच कात्रीने साफ करते! दुपारी तुमचा डोळा लागला की."

"काय?"

"मग ती बोथट कशाने व्हायची?"

"आणि धारवाला?"

"त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. उगाच का चहा पाजत होते इतकी वर्षं?"

धारवाल्याला घातलेल्या शिव्या मास्तरांना एकेक करून आठवल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बायकोने तोवर सिंकमधली कात्री घेतली, पात्यांवर लिंबाची फोड फिरवली आणि रबर झालेली शेपटी हातात धरून तिच्या बारीक, एकसारख्या पट्ट्या सोडल्या. मास्तर त्या हाताकडे बघतच राहिले. कात्रीचं ऐकून त्यांना आधी राग आला होता. तो कुठे गेला, त्यांनाही कळलं नाही.

"हाताला सफाई आहे गं तुझ्या."

"पंचवीस वर्षांनी सांगताय!" ती म्हणाली आणि अर्ध्या पट्ट्या त्यांच्या ताटात लोटल्या.

तेवढ्यात खाली पुन्हा दार वाजलं. "मास्तर! अर्जंट आहे हो!"

बायकोने कात्री खाली ठेवली. सवयीने मास्तर अर्धे उठले, तिच्याकडे पाहिलं आणि परत बसले.

"उद्या या!" त्यांनी जागेवरूनच आवाज दिला. "कात्री कामात आहे!"