मिनिटाच्या आतली खुर्ची

एखादी गोष्ट स्वतः करण्यात मोठा तोटा असा, की ती करत असताना इतरांना मार्गदर्शन करता येत नाही. हे सत्य बऱ्याच संस्थांना फार उशिरा कळते. कोल्हापूरच्या करवीर वेगवान क्यूब तालीम मंडळाला (नोंदणी प्रक्रियेत) ते स्थापनेच्या दिवशीच कळले. मंडळाची पुढे जी भरभराट झाली, तिचे सारे श्रेय या दूरदृष्टीलाच द्यावे लागेल.

क्यूब सर्वांना माहीत असतो. सहा बाजू, सहा रंग. ते कुणीतरी मुद्दाम विस्कटायचे आणि आपण फिरवून फिरवून पुन्हा जागच्या जागी आणायचे. (संसारात हेच काम करावे लागते, पण तिथे कुणी घड्याळ लावून बसत नाही.) ज्याला ते मिनिटाच्या आत जमते, त्याला मंडळात खुर्ची मिळते. बाकीच्यांना सतरंजी. दर रविवारी सकाळी दूध संस्थेच्या माडीवर सभा भरते, तेव्हा खुर्च्यांवर तिघे असतात आणि सतरंजीवर सदतीस. हे प्रमाण कुठल्याही निरोगी लोकशाहीला साजेसे आहे.

सदतिसांमध्ये भिंतीकडेला बसणारे जयपालआण्णा मगदूम हे फरशीचे व्यापारी. आयुष्यभर लोकांना उत्तम जमीन पुरवली, पण आता स्वतःला जमिनीवर बसवत नव्हते. गुडघे गेले होते. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही असे बजावले होते. मात्र मंडळाच्या घटनेत डॉक्टरांच्या चिठ्ठीला स्थान नाही. सभेला जाणेच बंद करावे, तर रविवार खायला उठे. मुलगा बंगळुरात, बायको सकाळी जैन बस्तीत दर्शनाला जाई ती तिथूनच बहिणीकडे. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाला नवे मित्र मिळाले होते, आणि ते सगळे सतरंजीवर होते. तेव्हा मार्ग एकच उरला. मिनिटाच्या आत यायचे. आण्णा मंडळात आले तेव्हा त्यांचा वेळ मिनिटाच्या वर दहा सेकंद होता. दहा सेकंद म्हणजे काही फार नव्हे, असे त्यांना तेव्हा वाटले होते.

मग टिपा सुरू झाल्या.

मंडळाचा नियम असा, की ज्याची प्रगती झाली त्याने ती सांगावी, आणि ज्याची झाली नाही त्याने टीप द्यावी. साहजिकच टिपांचा तुटवडा कधी पडला नाही. एका सदस्याने सांगितले, पांढरी बाजू खाली धरा. दुसऱ्याने सांगितले, पांढरा शुभ, तो वरच हवा. आण्णांनी दोघांचा मान राखण्यासाठी क्यूब आडवा धरला. क्यूबला शेंगतेल द्यावे असे एका भगिनीने सुचवले. (क्यूबसाठी खास तेल मिळते, पण ते बाहेरून येते, आणि बाहेरच्या तेलावर मंडळाचा विश्वास नाही.) शेंगतेलाने क्यूब सुळसुळीत फिरू लागला, बोटेही सुळसुळीत झाली, आणि पंधरवडाभर आण्णांच्या खिशाला फोडणीचा वास येत होता. गरम पाण्यात मध घ्या, असेही ठरले. आण्णा जैन, मध चालत नाही. तेवढी एक टीप धर्माच्या कारणाने सोडावी लागली आणि तेव्हापासून त्यांच्या साऱ्या अपयशाचे खापर मधावर फुटू लागले.

मंडळाचे संस्थापक पिराजी वस्ताद हे मूळचे कुस्तीतले. त्यांना क्यूब सोडवताना कुणी पाहिलेले नाही. पण वस्तादाने आखाड्यात उतरायचे नसते, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांची खुर्ची वेगळी, हातांची.

"आण्णा, क्यूब म्हंजे पैलवानच हाय," वस्ताद सांगत. "त्याला फिरवायचा न्हाय. दमवायचा."

"व्हय," आण्णा म्हणत. "पर दमतोय मीच की."

"दमणारच! अन् कुस्ती निकाली झाली, क्यूब सुटला, की शड्डू ठोकायचा. मांडीवर, दोन्ही हातानं. अंगात जोर ऱ्हातो."

ही टीप सर्वांना पटली. शड्डूचा सराव दर रविवारी सामुदायिक होऊ लागला आणि खालच्या दूध संस्थेने छताची तक्रार केली.

खुर्चीवरच्या तिघांपैकी ऋतुराज नावाचा दातांचा डॉक्टर सभेत काही बोलत नसे. मांडीवर क्यूब घेऊन फिरवत बसे. अशा वागण्याने संस्थेचे वातावरण बिघडते. म्हणून त्यालाही एकदा टीप विचारण्यात आली. तो म्हणाला, "रोज फिरवायचा. दुसरं काय?" सभेने ही सूचना नम्रपणे फेटाळली, कारण तीत मार्गदर्शन आढळले नाही.

वर्षभरात आण्णांना दोनशेच्या वर टिपा मिळाल्या आणि त्यांचा वेळ दीड मिनिटावर गेला. मंडळाने याचा अर्थ योग्य तोच लावला: ज्ञान वाढले की माणूस विचार करतो, आणि विचाराला वेळ लागतो. नारळ आणि फेटा देऊन त्यांचा सत्कार झाला. सत्काराला उठताना त्यांना दोघांनी धरावे लागले.

अशात पेठ वडगावला एका मंगल कार्यालयात खुली स्पर्धा जाहीर झाली. तिथला वेळ मंडळाला मान्य होता. म्हणजे तिथे मिनिटाच्या आत आले, की रविवारी खुर्ची. आण्णांनी नाव दिले. जाताना गाडीतही फोन वाजत होता: अंगठा आत घ्या, श्वास रोखा, श्वास रोखू नका. पण दारातच संयोजकांनी सर्वांचे फोन काढून घेतले. आण्णांनी रिकामा खिसा दोनदा चाचपला. एवढ्या मोठ्या गर्दीत माणूस टिपांवाचून उभा होता.

पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांना पाठ असलेले सगळे आठवले आणि वेळ नेहमीसारखाच आला. नंतर एकेक विसरत गेले. शेवटच्या फेरीला पांढरी बाजू कुठे आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हते. हात फिरत होते. रंग आपल्या पायाने आल्यासारखे जागेवर बसत होते. शेवटचा कोपरा वळला आणि सहाही बाजू एकरंगी झाल्या, तेव्हा समोरच्या घड्याळात सत्तावन्न दिसत होते.

आण्णांनी क्यूब खाली ठेवला आणि शड्डू ठोकला.

दोन्ही हातांनी, दणदणीत. मग मागे प्रेक्षकांत येऊन बसलेल्या वस्तादांकडे वळून हात जोडले. वस्तादांनी तिकडून आशीर्वाद दिला. मंगल कार्यालय दणाणले, आणि टेबलावरचे घड्याळ आपले काम करत राहिले. क्यूबच्या स्पर्धेत घड्याळ थांबवायचे तर त्याच्या दोन्ही बाजूंवर तळहात ठेवावे लागतात. आण्णांचे तळहात तिथे पोचले तेव्हा बासष्ट झाले होते.

"बाई, माझं झालतं की आधीच! बघितलं न्हाईसा तुम्ही?" आण्णा परीक्षक मुलीला म्हणाले. आदिती तिचे नाव. कॉलेजात शिकणारी, पण नियमाला पक्की.

"बघितलं, काका. पण घड्याळ मांडीवर मारून थांबत न्हाई."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. पाच सेकंद. आयुष्यात एकदाच जमले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिले होते, आणि तरी झाले नव्हते.

रविवारच्या सभेत या प्रकरणावर सखोल चर्चा झाली. शड्डू निर्दोष असल्याचा निर्वाळा वस्तादांनी दिला. चूक घड्याळाच्या जागेची होती. यापुढे स्पर्धकाच्या मांडीला घड्याळ बांधण्याची सोय करावी, असा ठराव एकमताने झाला. मात्र खुर्चीचा नियम शिथिल करता येणार नव्हता. बासष्ट म्हणजे बासष्ट.

तेव्हा जयपालआण्णा भिंतीला धरून उठले. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"टिपांनीच माझं वाटोळं झालं," ते म्हणाले. "फोन काढून घेतला, समदं इसरलो, तवा कुठं हात चालला. टिपा सोडा अन् नुसता फिरवा!"

 ऋतुराजने पहिल्यांदाच मान वर केली. मग वस्तादांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आरं, ही टीप हाय! हिला म्हंत्यात टीप! हिला पैला नंबर द्या." टाळ्या थांबेनात. एवढी मोठी टीप देणारा माणूस सतरंजीवर शोभत नाही, यावर कुणाचे दुमत नव्हते. आण्णांना मुख्य मार्गदर्शक नेमून त्यांच्यामागे खुर्ची सरकवण्यात आली.

आण्णा नको म्हणणार होते. पण गुडघे आधी बसले. पाठ टेकली, पाय लांब झाले, आणि वर्षभरात प्रथमच त्यांना रविवार सुखाचा वाटला.

"आण्णा," सतरंजीवरून कुणीतरी विचारले, "टिपा सोडायच्या कशा, त्ये जरा इस्कटून सांगा की."

आण्णांनी घसा खाकरला आणि मुद्देसूद सांगितले. तेव्हापासून त्यांनी क्यूबला हात लावलेला नाही. वेळच मिळत नाही. 'टिपा सोडा, नुसता फिरवा' हा त्यांचा संदेश मात्र चंदगडपासून नृसिंहवाडीपर्यंत फोनाफोनांत पोचला आहे. ज्यांनी तो वाचला त्या प्रत्येकाने त्याखाली अंगठा दाखवला, हे मंडळाने आवर्जून कळवले आहे. त्यांतल्या कुणी फिरवला, याची माहिती उपलब्ध नाही.

तुम्हालाही तो पटलाच असेल. तुमच्या फोनात पोट कमी करण्याचे, इंग्रजी सुधारण्याचे आणि पेटी शिकण्याचे जे व्हिडिओ 'सवडीनं बघू' म्हणून साठले आहेत, त्यांच्याशी या गोष्टीचा काही संबंध नाही. ती वाचताना तुम्हाला एक माणूस मात्र डोळ्यांसमोर आला असणार, ज्याला हे वाचायची फार गरज आहे. त्याला ती पाठवून द्या. तेवढे केले, की तुमच्याकडून जे व्हायचे ते झाले.