बर्फाच्या चित्रावर वाळूत

गल्लीत त्यांना सगळे ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत. औषधांचं दुकान चालवताना डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून त्यांच्या नजरेला अशी धार आली होती, की मुंगी शाईत बुडून कागदावर चालत गेली असती तरी त्यांनी त्यातून दोन गोळ्या आणि एक सिरप काढलं असतं. तेव्हा नवीन पिकअप घेताना शोरूमवाला गिअरजवळच्या गोल बटणाविषयी सांगू लागला, तसं त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

“चित्रं काढलेली आहेत ना? मग कळतील.”

आणि त्यांना कळलीही. बर्फाची चांदणी म्हणजे एसी. निवडुंग म्हणजे कमी इंधनात भागवायचं, कारण निवडुंग पाण्यावाचून भागवतो. दगडांचं चित्र जड सामानासाठी. महिनाभर ते भर उन्हात बर्फाच्या चांदणीवर गाडी चालवत होते आणि कंपनीला शिव्या घालत होते. गाडीला ओढ नाही आणि एसीला गारवा नाही!

त्यांची बायको मातीची भांडी घडवायची. बरीच वर्षं मागच्या पडवीत चाक फिरवल्यावर तिचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, नदीपलीकडच्या जुन्या वीटभट्टीच्या आवारात. ती आठवडाभर नीट झोपली नव्हती. सगळी भांडी पेंढ्यात गुंडाळून मागे रचली, आणि सर्वांत उंच, नाजूक मानेचा रांजण मेहुणीने मांडीवर घेतला, पोर घ्यावं तसा.

“अहो, सावकाश हं,” बायको म्हणाली.

“अगं, ही गाडी दगडांवरून चालायला केलीय. तुझ्या मडक्यांचं काय घेऊन बसलीस?”

सामान जड, म्हणून त्यांनी गाडी थांबवून, दोन-तीन बटणं दाबून दगडांचं चित्र लावलं. गाडीने अशी डरकाळी फोडली की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. पण पळायचं नाव नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ती गाभण म्हशीसारखी चालू लागली. वळणावर चाकं अडखळत, थरथरत फिरली. एक सायकलवाला मागून आला, बरोबरीने चालला आणि खिडकीतून अदबीने म्हणाला, “काका, धक्का देऊ का?”

“भाऊजी,” मेहुणी रांजणाआडून म्हणाली, “तो पुढे गेला.”

अर्ध्या डॉक्टरांनी निमूटपणे चित्र बदललं. घाम फुटला होता, म्हणून बर्फाची चांदणी लावली.

पुलाचं काम चालू होतं. फाट्यावरच्या माणसाने नदीच्या कोरड्या पात्रातून जायला सांगितलं. समोर पांढरीशुभ्र वाळू पसरली होती. ती पाहून अर्ध्या डॉक्टरांची छाती फुगली. अशा जागेसाठीच तर घेतली होती गाडी. ते आत घुसले. पात्राच्या मध्यावर गाडीने एक सुस्कारा टाकला आणि ती बसली. त्यांनी पाय दाबला. गाडी जरा कण्हली आणि आणखी खाली गेली.

“वाळू खराब आहे,” ते म्हणाले.

बायको पुढे पाहत होती. पलीकडच्या काठावर वीटभट्टीचं धुराडं दिसत होतं आणि लोक आत जात होते. तिचे डोळे भरून आलेले अर्ध्या डॉक्टरांनी पाहिले. ते उतरले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी चाकाजवळची वाळू उपसू लागले. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं, तरी थांबले नाहीत.

बायको ते बघत राहिली. मग डोळे पुसून तिने गोल बटणाकडे नीट पाहिलं.

“अहो, हे झाड कुठे उगवतं?”

“निवडुंग? वाळवंटात.”

“आणि आत्ता आपण कुठे आहोत?”

अर्ध्या डॉक्टरांनी हातातल्या वाळूकडे पाहिलं.

“आणि ही चांदणी?” मेहुणीने विचारलं. “म्हणजे महिनाभर आपण बर्फात होतो?”

पहिल्यांदा हसू आलं ते बायकोला. आधी तिने तोंडावर पदर घेतला, मग तेही जमेना. मेहुणी रांजणाला मिठी मारून हसू लागली. शेवटी अर्धे डॉक्टरही वाळूत बसल्या बसल्या हसले.

चाकं वाळूवर पसरावीत म्हणून त्यांतली हवा थोडी कमी केली, निवडुंग लावला, दोघी मागून ढकलायला उतरल्या. रांजण सीटवर पट्ट्याने बांधला. गाडी एकदा घुमली आणि उसळून निघाली. थांबलो तर गाडी पुन्हा रुतेल, या धास्तीने अर्ध्या डॉक्टरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते थेट पलीकडच्या काठावर पोचले. दोघी बहिणी चपला हातात घेऊन मागून चालत आल्या.

भांडी सगळी शाबूत होती. लोक रांजणाभोवती घुटमळले, तिला प्रश्न विचारत राहिले, आणि ती न अडखळता बोलत राहिली. अर्धे डॉक्टर वाळूने माखलेल्या शर्टात कोपऱ्यात उभे राहून ते ऐकत होते. तिला इतकं बोलता येतं, हे त्यांना नवीनच होतं.

परतताना बायकोने गाडीचं चाक हातात घेतलं आणि पात्र सरळ पार केलं. अलीकडच्या काठाजवळ तशीच एक नवी कोरी पिकअप वाळूत रुतून बसली होती. बायकोने आपली गाडी पुढे कडक जमिनीवर थांबवली. अर्धे डॉक्टर उतरून त्या गाडीकडे गेले. आतल्या घामाघूम गृहस्थाने काच खाली केली.

“गाडीचं मला सगळं कळतं हो,” तो म्हणाला. “वाळूच खराब आहे.”

अर्ध्या डॉक्टरांना त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. गुडघ्यांवर बसून ते वाळू उपसू लागले.

“तुम्हाला यातलं बरंच कळतं वाटतं,” गृहस्थ खिडकीतून वाकून म्हणाला.

“छे हो,” ते मान वर न करता म्हणाले. “मी औषधं विकतो. माझी बायको येतेय, तिला विचारा.”