तीन दिवसांचा चेहरा

पंचवीस वर्षांत देश प्रगत करायचे ठरले, तेव्हा जयश्रीचा ललित तीन दिवसांचा होता. आराखडा बाळाच्या पाळण्यापासूनच सुरू होत असल्याने अंगणवाडी केंद्रावरच्या बेन सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत मोबाईल घेऊन आल्या आणि त्यांनी ललितच्या चेहऱ्याची नोंद केली. दरमहा चेहरा जुळला, की बाळंतिणीला आहाराची पाकिटे मिळणार होती. मधे कुणाचा हात लागणार नव्हता.

आहाराने गुण दाखवला. तिसऱ्या महिन्यात ललितचे गाल भरले, आणि मोबाईलने त्याला ओळखायचे बंद केले.

"हाऊ मन्हाच पोऱ्या शे, बेन," जयश्री म्हणाली.

बेननाही ते माहीत होते; पण त्यांचे मत विचारणारा रकानाच मोबाईलमध्ये नव्हता. जयश्री वरच्या कार्यालयात गेली. साहेबांनी ललितकडे कौतुकाने पाहिले आणि पूर्वसूचना न देता वाढल्याबद्दल नापसंती दाखवली. चेहरा बदलल्याचा अर्ज होता, मात्र तो उघडायला जुना चेहरा लागत असे.

पाकिटे थांबली, तसे जयश्रीचे दूध आटू लागले. ललित रडून रडून लाल होई. ती पुन्हा गेली, तर साहेब धीर देत म्हणाले, "आणखी महिनाभर थांबा. गाल उतरले, की आपोआप जुळेल."

त्याच आठवड्यात शेजारच्या रंजनाला मुलगी झाली. तांबूस, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. म्हणजे हुबेहूब नोंदीतला ललित. नोंदीला आता आईनेच केंद्रावर यायचे होते; सव्वा महिना बाहेर पडायचे नसल्याने रंजनाच्या मुलीची नोंद अडली होती.

"घेऊन जा, वहिनी," ती म्हणाली. "झोपेलच शे."

रंजनाच्या सासूने, सुभद्राबाईंनी, दृष्ट लागू नये म्हणून मुलीला तीट लावली. मोबाईलला ती चालेना, म्हणून बेननी आपल्याच पदराने पुसली. चेहरा जुळला.

गोष्ट गल्लीभर झाली. भरल्या गालांची अकरा बाळे होती. महिनाभरात रंजनाची मुलगी अकराही जणांच्या नावाने केंद्रावर जाऊन आली. शंभर टक्के बाळे ओळखू आल्याबद्दल केंद्राला मानपत्र मिळाले.

सव्वा महिना संपला. रंजना न्हाऊन, मुलीला नवे झबले घालून रांगेत आली. मोबाईलने मुलीकडे पाहिले. हे बाळ आधीच अकरा नावांनी आहार घेत होते. बारावे नाव त्याला मान्य नव्हते.

बेननी मान खाली घातली. रंजना मागे वळली. तिच्या मागे त्याच अकरा जणी उभ्या होत्या.

"सांगा ना हो वहिनी, हाई कोनी पोर शे ते. मन्हीच ना?"

खरे सांगितले, तर अकराही नोंदी रद्द होणार होत्या. जयश्रीच्या पदराखाली ललित गटगट पीत होता. तिने पदर नीट केला.

"मोबाईल म्हणतो, तर असेल बाई तसं."

रंजना बाजूला झाली. रांग एक पाऊल पुढे सरकली. जयश्रीही सरकली, नंबर जवळ आला होता.