धुण्याच्या दगडाजवळचे झाड

शेडगे यांच्याकडून आम्ही घेतलेल्या घराच्या बागेतली झाडे विचारल्याबरोबर आपले नाव सांगत, पण ते खोटे असे.

राहायला आल्यावर मी सगळ्यांची ओळख करून घ्यायला निघालो. फाटकाजवळच्या झुडपाला लालभडक फुले होती. त्याने आपण कढीपत्ता असल्याचे सांगितले. माझी बायको मंदाकिनी हिने विश्वासाने त्याची पाने फोडणीत टाकली, तर आमटी बुळबुळीत झाली.

"कढीपत्ता म्हणे!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "चांगली जास्वंद आहेस की!"

झुडूप ओशाळले नाही. त्याच्या शेजारच्या झाडाला अनंताचा वास येत होता, त्याने 'पालक' असे सांगितले.

धुण्याच्या दगडाजवळचे झाड मात्र काहीच सांगेना. मंदाकिनीचा जीव नेमका त्याच्यावर जडला. या गावात तिच्या ओळखीचे कोणी नव्हते. कपडे घासता घासता ती त्याच्याशी बोले, आणि ते मधे न बोलता ऐके.

मला एकंदर प्रकाराचा संशय आला. मंदाकिनी बाजारात गेल्याचे पाहून मी जास्वंदीला गाठले.

"शेडगेबाईंनी आम्हाला पलीकडच्या बाबरांकडून चोरून आणलंय," ती म्हणाली.

"मागून का नाही आणलं?"

"अहो, चोरून आणलेली फांदी चांगली लागते. सगळ्या बायका असंच आणतात. लागलोच की आम्ही!"

"मग नाव का लपवता?"

"मूळ मालकिणीने नाव विचारलं आणि खरं सांगितलं, तर मुळं उचलून तिच्यामागे जावं लागतं. गप्प बसलं, तर ती उपटून नेते. खोट्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही, ते उघडं पडेपर्यंत."

"आणि दगडाजवळचं?"

"त्याला मनाजोगं नाव मिळेना."

मी हे मंदाकिनीला सांगितले. पिळलेला टॉवेल तिने पुन्हा पिळला. "हे गेलं तर मी कुणाशी बोलू?" ती म्हणाली. मी समोर उभा होतो.

रविवारी बाबरवहिनी ओळख करून घ्यायला आल्या. बशीतला चहा पीत त्या बागेत फिरल्या.

"तुझं नाव काय गं?"

"कढीपत्ता," जास्वंद म्हणाली.

"छान फुललायस हो कढीपत्त्या. आणि तुझं?"

"पालक."

"कमरेएवढा पालक! खत काय घालता?"

मग त्या धुण्याच्या दगडापाशी थांबल्या. "तुझं गं?"

झाड गप्प राहिले. वहिनींनी बशी दगडावर ठेवली आणि पदर खोचला.

"मंदाकिनी," झाड म्हणाले.

वहिनींनी सावकाश वळून माझ्या बायकोकडे पाहिले. "आणि तुमचं नाव काय म्हणालात?"

खरे सांगितले असते तर झाडाचे खोटे तिथेच उघडे पडले असते.

"कोथिंबीर," माझी बायको म्हणाली.

"वा. माहेरचं की सासरचं?"

"माहेरचंच. इकडे बदललं नाही."

वहिनींनी पदर सोडला, चहा संपवला आणि निघाल्या. जाताना त्यांनी त्या झाडाची एक फांदी मोडून पदराखाली घेतलेली मी पाहिली. फाटकावरच्या माझ्या नावाच्या पाटीपाशी त्या चप्पल घालायला जरा जास्तच वेळ थांबल्या.

आता मंदाकिनी म्हणून हाक मारली की धुण्याच्या दगडाजवळून ओ येते. बायकोला मी कोथिंबीर म्हणतो. ती आनंदात आहे.

परवा भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "तुझं नाव काय रे?"

"दिनकर सबनीस," एक कोवळा आवाज म्हणाला.

मी भिंतीवरून डोकावलो. फांदीला पालवी फुटली होती. वहिनींनी हसून आम्हा दोघांना चहाला बोलावले. त्यांच्या हसण्यावर माझा विश्वास नाही.

"आता त्या फांदीची मूळ मालकीण मी," बायको घरात आल्यावर म्हणाली. "पण चांगली लागलीय हो ती. राहू दे तिकडेच. तुमचं नाव कुणी विचारलं तर सांभाळून सांगा."

कढीपत्ता, पालक आणि कोथिंबीर ही नावे गेलेली आहेत. मी मेथीचा विचार करतो आहे.