अण्णांची मागची सीट

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका शोरूममध्ये सत्तरीतला एक माणूस उंच अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डोळे मिटून बसला होता. मी त्याचा व्हिडिओ काढला, वर 'नवी नवरी' असं लिहिलं आणि आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ही चूक माझीच.

गोपाळअण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं घराणं बंगळूरला कधी आलं हे त्यांनाही सांगता येत नाही. मी मात्र पंधरा वर्षं राहूनही त्यांच्यासाठी 'पुणेकर'च. लांबच्या प्रवासाची नवी गाडी आली की आम्ही दोघं बघायला जायचो. सेल्समन इंजिनाचं कौतुक सांगू लागला की अण्णा म्हणायचे, "ते सरी, ठीक आहे. मागे कसं आहे?" मग चढून तसेच बसायचे आणि निकाल द्यायचे. "हा उंट आहे." "ही देवळाची पायरी." शेवटी तुलना त्यांच्या पहिल्या गाडीशीच. "काय धूर सोडायची! गल्लीतले डास पळायचे." ती कधीच विकली, पण तिची किल्ली अजून घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

माझी गाडी त्यांनी एका वाक्यात नापास केली होती. "सगळं आहे हो पुणेकर, साडीगार्ड कुठंय?"

शोभत नाही म्हणून मीच ते काढून टाकलं होतं. "आपण काय साडी नेसतो, अण्णा?" म्हणालो. ते हसले नाहीत.

तो व्हिडिओ कुणीतरी त्यांना दाखवला. पुढच्या रविवारी बोलवायला गेलो, तर वॉकर सरकवत त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, दार उघडलं.

"येत नाही म्हणतात. मीपण बघितला तो व्हिडिओ. माझी नक्कल बरी जमलीय."

"तुमची?"

"मी अशीच बसायची. पहिल्या गाडीवरून देवनहळ्ळीला जायचो, पपनस आणायला. कमरेचं ऑपरेशन झालंय, आता दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही. एकदा परत नेतो म्हणतात. म्हणून आधी स्वतः बसून बघतात, मला कुठं दुखेल ते."

आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. ते बाहेर आले नाहीत.

घरी येऊन व्हिडिओ काढून टाकला. साडीगार्ड गॅलरीत होतं. बायकोने त्यावर मनीप्लांट चढवला होता. वेल सोडवायला अर्धी सकाळ गेली. गाडीची सामानाची डावी पेटी काढली, गार्ड बसवलं, पाय ठेवायला रुंद पट्टी लावून घेतली. मग गाडी खालच्या कट्ट्याला लावून दोघांना हाक मारली.

अण्णांनी माझ्याकडे न बघता गार्डवर बोटं वाजवली, कट्ट्यावरून मागे बसले, डोळे मिटले.

"धूर नाही," ते म्हणाले.

"उतरा आता," अक्का म्हणाल्या. "माझी जागा आहे ती."

मी गाडीची किल्ली अण्णांपुढे केली.

"अण्णा, तुम्ही कशासाठी बसता हे मी कधी विचारलंच नाही, आणि लोकांना मात्र हसवलं. चुकलो मी. अक्का, तुमचीही माफी मागतो."